हापूसच्या पोटातला साका

पेटीतला सगळ्यांत मोठा, देखणा हापूस पाहुण्यांसाठी राखून ठेवावा आणि कापल्यावर बाठ्याजवळ पांढुरका, स्पंजासारखा, आंबट गर निघावा, याइतकी फजिती दुसरी नाही. हा साका. साल केशरी, वास घमघमता, बोटाला फळ मऊ. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. त्यातून मोठ्या फळांत तो जास्त आढळतो, म्हणजे निवडून घेणाराच फसतो. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी क्ष-किरणांनी आतला साका टिपून दाखवला होता, पण घरोघरी ती सोय कुठून आणायची?

साका हा रोग नव्हे, कीडही नव्हे. आंबा पिकताना गरातल्या पिष्टाची साखर होते. साक्याच्या भागात हे काम अर्ध्यावरच थांबतं. पिष्ट फोडणारी विकरं (एन्झाइम) तिथे मंदावलेली असतात, म्हणून तेवढा गर फिका आणि आंबट राहतो, मधे हवेच्या पोकळ्या पडतात.

पण नेमका बाठ्याजवळच का? बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बोट ठेवलं ते बाठ्याच्या आतल्या बीवर. गहू-हरभऱ्याचं बी वाळून वर्षभर निपचित पडून राहतं. आंब्याच्या कोयीला ते जमत नाही. वाळली की ती मरते. त्यामुळे तिला रुजायची घाई. फळ झाडावर असतानाच तिच्यात रुजण्याची हालचाल सुरू झाली, तर भोवतालच्या गराचं बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. मला हे स्पष्टीकरण पटतं. आपण ज्याला फळ म्हणतो, ते कोयीच्या लेखी नुसतं वेष्टन आहे.

त्यात उन्हाची भर. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातला कातळ तापतो आणि जमिनीवरून उठणारी झळ फळांना लागते. झाडाखाली पाचोळ्याचं आच्छादन केलं की साका कमी होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे.

बागायतदारांचा उपाय याहून जुना. आंबा झाडावर पाड लागेपर्यंत, म्हणजे झाडावरच पिकू लागेपर्यंत ठेवायचा नाही. चौदा आणे, म्हणजे सोळापैकी चौदा हिस्से तयार झाला की झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवायचा, म्हणजे चीक सालीवर ओघळून डाग पडत नाहीत. तयार फळ पाण्यात बुडतं, कोवळं तरंगतं. मग पेंढ्याच्या अढीत फळांतून निघणारा इथिलीन वायू एकमेकांना पिकवतो. हापूसचा तो प्रसिद्ध वासही बराचसा अढीतच घडतो. कैरीच्या वासात टर्पिन गटातली द्रव्यं पुढे असतात. पिकता पिकता लॅक्टोन आणि फ्युरानोन तयार होतात आणि त्यांच्यामुळे तो गोड, किंचित दुधाळ दरवळ येतो.

दक्षिणेतल्या नीलमला साका होत नाही. कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 साली ‘रत्ना’ दिला. गर भरपूर, रेषा नाहीत, साकाही नाही. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून ‘सिंधू’ आला. त्याची कोय इतकी पातळ की बघणारा चकित होतो. दोन्ही आंबे उत्तम आहेत. तरीही मे महिन्यात गिऱ्हाईक हापूसच मागतं आणि घरी येऊन धडधडत्या छातीने सुरी चालवतं.