अणुभट्टीला 'परवानगी' नेमकी कोण देतं? राज्य सरकार आणि एईआरबी यातला घोळ

एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मितीनं, म्हणजे राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीनं, रशियाच्या रोसाटॉम या सरकारी अणुऊर्जा कंपनीबरोबर थोरियमवरच्या छोट्या अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला, तेव्हापासून कोल्हापुरात रंकाळ्यावर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच ऐकतोय की आता अणुवीज राज्याच्या हातात आली, आता मुंबईतनंच सही होणार. मुंबईतनं सही होते हे खरंय भावांनो, पण मंत्रालयातनं नाही, अणुशक्तीनगरातनं.

तिथं एईआरबी बसतं, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, १९८३ साली केंद्रानं काढलेलं. भट्टीची जागा सुरक्षेच्या दृष्टीनं चालेल का, काँक्रीट ओतायचं का, इंधन भरायचं का, भट्टी चालू करायची का, हे टप्प्याटप्प्यानं तेच बघतं आणि बंद ठेवा म्हणायचा अधिकारही त्यांचाच. अणुऊर्जा हा विषय घटनेतच केंद्राच्या यादीत आहे, त्यामुळं कोयनेची जलवीज राज्याची असली तरी तारापूरचा अणुप्रकल्प केंद्र सरकारचा, आणि तारापूरच्या भट्टीत काय चाललंय ते राज्याचा कुठलाच अधिकारी तपासत नाही.

मग राज्याला काय उरतं? तर बरंच. अणुस्कुरा घाट उतरला की राजापूर तालुका, तिथं माडबनला जैतापूरचा प्रकल्प, १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या म्हणजे ९९०० मेगावॅट. पर्यावरण मंजुरी केंद्रानं दिली, २०१० मध्ये, पण जमीन संपादन राज्यानं केलं, जनसुनावणी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळानं घेतली, आणि आंदोलन झालं तेव्हा बंदोबस्तालाही राज्याचेच पोलीस. शिव्या मात्र लोक जो समोर दिसेल त्याला घालतात, त्यामुळं अर्धा घोळ तिथंच होतो.

आणि एक काम असं आहे की ज्याची चर्चा कोणीच करत नाही. प्रकल्पाभोवती ५ किलोमीटरच्या पट्ट्यात लोकवस्ती बेसुमार वाढू द्यायची नाही आणि साधारण १६ किलोमीटरपर्यंत आपत्कालीन योजना तयार ठेवायची असा आपल्याकडचा नियम, त्यातलं कुंपणाबाहेरचं सगळं जिल्हाधिकाऱ्यांच्या गळ्यात. म्हणजे भट्टीत बिघाड झाला तर आत कंपनी आणि एईआरबी, पण गावं हलवायची, एसटी लावायच्या, लोकांना कुठल्या शाळेत ठेवायचं ते कलेक्टर ठरवणार. माझ्या मते राज्याची खरी परीक्षा इथं आहे, करारावर सही करताना फोटो काढण्यात नाही.

आता कोणी म्हणेल की राज्याला भट्टी थांबवता येत नाही तर विरोध करून काय उपयोग. तर तसंही नाही. पश्चिम बंगालनं हरिपूरच्या अणुप्रकल्पाला २०११ मध्ये नको म्हटलं आणि तो प्रकल्प काही उभा राहिला नाही. तामिळनाडू मंत्रिमंडळानं त्याच वर्षी कुडनकुलम अणुप्रकल्पाचं काम थांबवा असा ठराव केला, काम रखडलं, मग मार्च २०१२ मध्ये मुख्यमंत्री जयललितांनी हिरवा कंदील दाखवला आणि गाडी पुन्हा सुरू. कायद्यात लायसन रद्द करायचा अधिकार नसताना सुद्धा जमीन, रस्ता आणि पोलीस हातात असले की काय करता येतं ते बघा.

कोल्हापुरात हा फरक बघायचा तर लांब जायला नको. कुठल्याही हॉस्पिटलची नोंदणी महापालिकेत, सोनोग्राफी मशीनची नोंदणी पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली राज्याच्या यंत्रणेकडं (मशीनला जोडून तपासण्यांची नोंद ठेवणारं आपल्या जिल्ह्यातलं 'सायलेंट ऑब्झर्व्हर' यंत्र आठवत असेल), पण शेजारच्या खोलीतल्या एक्स-रे आणि सीटी स्कॅनला एईआरबीची परवानगी लागते, कारण तिथं किरणोत्सर्ग आहे आणि सोनोग्राफीत नाही. एकाच बिल्डिंगमध्ये दोन वेगवेगळी सरकारं.

एईआरबी म्हणजे काय फार स्वतंत्र असंही समजू नका. इतकी वर्षं ते अणुऊर्जा आयोगालाच रिपोर्ट करत होतं, आणि आयोगाचा अध्यक्ष तोच जो अणुऊर्जा विभागाचा सचिव, म्हणजे ज्यांच्या भट्ट्या तपासायच्या त्यांच्याच साहेबाला अहवाल. कॅगनं, म्हणजे सरकारी कारभाराचं ऑडिट करणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, २०१२ मध्ये यावर चांगलंच बोट ठेवलं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं अणुऊर्जेसाठीचा नवा 'शांती' कायदा मंजूर केला त्यात मंडळाला कायद्याचा दर्जा दिलाय आणि खाजगी कंपन्यांनाही दार उघडलंय. भट्टी कोणाचीही असो, अगदी उद्या महानिर्मितीची जरी झाली तरी सुरक्षेची परवानगी एईआरबीकडनंच आणायची, राज्याची कंपनी म्हणून काही सूट नाही.

राहता राहिलं बिल. महावितरणचे दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो, तारापूरच्या विजेचा दर मात्र आतापर्यंत केंद्राचा अणुऊर्जा विभागच ठरवत आलाय, आयोगाच्या सुनावणीला जाऊन त्यावर कितीही भांडलात तरी तो तिथं बदलत नाही. म्हणून माडबनच्या जमिनीच्या मोबदल्याचा अर्ज असेल तर तो रत्नागिरीला कलेक्टर ऑफिसात, आणि गल्लीतल्या लॅबचा एक्स-रे दार सताड उघडं ठेवून काढतात ही तक्रार असेल तर ती एईआरबीला.