आरओच्या पाण्यात मॉली का मेल्या?

जुळे सोलापुरातल्या आमच्या शेजाऱ्यांनी मुलीच्या हट्टापायी फिशटँक आणला. सहा मॉली आणि आठ निऑन टेट्रा. दुकानदार म्हणाला, "दोन्ही गरीब जाती, भांडत नाहीत." बोअरचं पाणी जड, बादलीला पांढरा थर धरणारं. म्हणून त्यांनी काळजीपोटी टँक आरओच्या पाण्यानं भरला. आठवडाभरात मॉली जागच्या जागी अंग झुलवू लागल्या, पंख मिटून बसल्या आणि एकेक करून गेल्या. निऑन मात्र मजेत! आजी म्हणाल्या, "घरावरचं गंडांतर त्यांनी अंगावर घेतलं."

ही समजूत मला फार खटकते. मासा कुणाचं संकट अंगावर घेत नाही. पण एकदा तसं मानलं की पाण्याकडे कुणी बघत नाही आणि पुढचे मासेही त्याच पाण्यात मरतात.

गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. पाणी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे झिरपतं, याला परासरण म्हणतात. त्यामुळे ते कल्ल्यांतून सतत आत शिरतं आणि मासा ते पातळ लघवीवाटे बाहेर टाकत राहतो. त्याच वेळी रक्तातलं सोडियम आणि क्लोराइड कल्ल्यांतून बाहेर झिरपतं. ते परत ओढून घ्यायला कल्ल्यांतल्या खास पेशी दिवसरात्र ऊर्जा खर्च करतात. हे क्षार गळतात ते मुख्यतः दोन पेशींमधल्या सांध्यांतून. तिथल्या प्रथिनांवर ऋण भार असतो. पाण्यातल्या कॅल्शियमच्या आयनावर दोन धन भार असतात, तो तिथे चिकटतो आणि सांधा घट्ट बसतो. म्हणजे आपण ज्या थराला नावं ठेवतो, त्यातलं कॅल्शियम मॉलीच्या कल्ल्यांची गळती कमी करतं!

मॉली मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली, किनाऱ्याजवळच्या मचूळ पाण्यातही राहणारी. आरओ पाण्यातलं बहुतेक कॅल्शियम काढून टाकतं, म्हणून त्या पाण्यात तिचे सांधे सैल पडले. निऑन अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला. त्याचा भाऊबंद कार्डिनल टेट्रा राहतो त्या रिओ निग्रो नदीच्या लिटरभर पाण्यात 1 मिलिग्रॅमही कॅल्शियम नसतं. अशा पाण्यातही क्षार फार गळू न देणारे कल्ले या माशांना लाभले आहेत.

म्हणून जोड्या लावताना आधी पाणी पाहावं, स्वभाव नंतर. आपल्या बोअरच्या पाण्यात मॉली, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल एकत्र छान नांदतात. निऑन, कार्डिनल हवे असतील तर आरओचं पाणी मिसळून वेगळा टँक करावा. टीडीएस मीटर एकूण क्षार दाखवतो, कॅल्शियम किती ते सांगत नाही. त्यासाठी थेंब टाकून जडपणा मोजायची किट घ्यावी. स्वभावाचं थोडक्यात सांगतो: टायगर बार्ब लांब पंखांच्या माशांना चावतात, आणि एंजल मोठा झाला की निऑन गिळतो. गोल्डफिश थंड पाण्याचा, शिवाय घाण फार करणारा. 20 अंशांना लिटरभर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. सोलापूरच्या मे महिन्यात, गर्दीच्या टँकमध्ये त्याला ठेवूच नये.

शेजाऱ्यांनी निऑन दुसऱ्या छोट्या टँकमध्ये हलवले. मोठ्या टँकमध्ये बोअरचं पाणी भरलं आणि नव्या मॉली आणल्या. परवा त्यातल्या एकीला पिल्लं झाली. मॉली अंडी घालत नाही, थेट पोहणारी पिल्लं देते. मोठे मासे ती खाऊन टाकतात, म्हणून मुलीनं त्यांना लपायला शेवाळाचा झुपका टाकला आहे.