नॉर्थ विल्क्सबरो : तारखा गेल्या म्हणून ओस पडलेला ट्रॅक

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातली विल्क्स काउंटी एकेकाळी हातभट्टीच्या दारूसाठी देशभर बदनाम होती. मक्याची दारू रात्री डोंगरातल्या रस्त्यांनी शहरात पोचवायची, तर मागे लागलेल्या सरकारी गाडीला हुलकावणी देता आली पाहिजे. म्हणून गाडी दिसायला साधी, पण इंजिन ताकद वाढवलेलं. १९४७ मध्ये एनॉक स्टेली यांनी इथे शर्यतींचा मातीचा ट्रॅक सुरू केला, तेव्हा असे गाडीबहाद्दर गावोगावी होते.

ट्रॅक जेमतेम एक किलोमीटरचा. जमीन सपाट करायला पैसे पुरले नाहीत, असं सांगतात. त्यामुळे प्रेक्षकांसमोरची सरळ पट्टी उताराची आणि मागची चढाची झाली. पहिल्या वळणावर गाडी उतारावरून येते, तिसऱ्या वळणाकडे चढत जाते. ही अडचणच पुढे ट्रॅकची ओळख बनली.

नॅस्कार ही अमेरिकेत मोटारशर्यती भरवणारी संस्था. तिच्या मुख्य शर्यतमालिकेच्या १९४९ च्या पहिल्या हंगामात आठ शर्यती झाल्या. त्यातली शेवटची १६ ऑक्टोबरला इथेच झाली आणि ती बॉब फ्लॉकने जिंकली. १९५७ मध्ये मातीवर डांबर आलं. रिचर्ड पेटीने इथे १५ शर्यती मारल्या. पण गावकऱ्यांचा खरा जीव ज्युनियर जॉन्सनवर. तो याच काउंटीतला. वडिलांच्या भट्टीवर १९५६ मध्ये पकडला गेला, जवळपास वर्षभर तुरुंगात राहिला आणि बाहेर येऊन पुन्हा शर्यतीत उतरला. कारकिर्दीत त्याने ५० शर्यती जिंकल्या. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली.

हा ट्रॅक प्रेक्षकांअभावी बंद पडला, असं म्हणणं अन्यायाचं आहे. १९९५ मध्ये स्टेली वारले आणि ट्रॅकची मालकी ब्रूटन स्मिथ व बॉब बाहरे या दोन बड्या ट्रॅकमालकांकडे गेली. दोघांनाही हव्या होत्या त्या नॅस्कार या ट्रॅकला दरवर्षी देत असलेल्या दोन शर्यतींच्या तारखा. एक स्मिथ यांच्या टेक्सासच्या ट्रॅकला गेली, दुसरी बाहरे यांच्या न्यू हॅम्पशायरच्या. २९ सप्टेंबर १९९६ ला इथली शेवटची नॅस्कार शर्यत जेफ गॉर्डन जिंकला आणि ट्रॅक ओस पडला. खच्चून भरणारं मैदान केवळ वेळापत्रकातल्या दोन ओळींसाठी मोडीत निघालं, याची चीड आजही येते.

२०१०-११ मध्ये काही शर्यती झाल्या, पण घडी बसली नाही. २०१९ च्या अखेरीस नॅस्कारचा नामवंत चालक डेल अर्नहार्ट ज्युनियरने माणसं जमवून ट्रॅकवरचं रान साफ केलं. हेतू एवढाच, की संगणकावरच्या शर्यतीसाठी ट्रॅकची अचूक मोजणी व्हावी. तिथून चक्रं फिरली. २०२१ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात केंद्राच्या कोविड मदतनिधीतून १ कोटी ८० लाख डॉलर मंजूर झाले. मे २०२३ मध्ये नॅस्कारची ऑल-स्टार शर्यत इथे झाली आणि काइल लार्सन जिंकला.

मात्र ऑल-स्टार शर्यतीला हंगामाचं अजिंक्यपद ठरवणारे गुण नसतात. १९९६ मध्ये गेली होती ती गुणांची शर्यत. नॅस्कारने २०२६ च्या वेळापत्रकात तीही नॉर्थ विल्क्सबरोला परत दिली.