साक्ष झाली, सुवार्ता राहिली

ऐरोली-घणसोलीकडच्या घरगुती प्रार्थनासभेत कुणीतरी उठून साक्ष देतं: दारू सुटली, घरातली भांडणं मिटली, रात्रीची झोप लागायला लागली. 'हालेलूया' होतं, चहा फिरतो, आणि पाहुणा म्हणून आलेल्या शेजाऱ्याला सुवार्ता सांगून झाली असं सगळे धरून चालतात. झालेली नसते.

साक्ष म्हणजे माझ्या आयुष्यात काय घडलं ते. सुवार्ता म्हणजे मी जन्मलोही नव्हतो तेव्हा येशूचं काय झालं आणि ते का झालं. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात प्रेषित पौल ती चार ओळींत सांगतो: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, पेत्राला, बारा शिष्यांना, मग एकाच वेळी पाचशेहून जास्त लोकांना दिसला. हे पत्र वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांतलं. त्या पाचशेतले बहुतेक अजून हयात आहेत, असंही पौल लिहितो. म्हणजे खात्री करायची तर करा. स्वतःचा उल्लेख तो शेवटी करतो, तोही प्रेषितांत सर्वांत कनिष्ठ म्हणून.

हा फरक उघडा पडतो तो शेजारी तोंड उघडतो तेव्हा. समजा तो म्हणाला, "आमच्या काकांनी पंढरीची माळ घातली, तेव्हापासून थेंबाला शिवले नाहीत. मग तुमच्या येशूचं वेगळं काय?" साक्षीवरच थांबलेला माणूस इथे गप्प होतो. काकांची दारू सुटली ती खरीच सुटली; ती खोटी ठरवायला जाणं हा निव्वळ उद्धटपणा. अनुभवासमोर अनुभव ठेवला की बरोबरी होते, पुढे बोलणं सरकत नाही. सुवार्तेचं तसं नाही. येशू खरंच उठला का? क्षमा पुण्याईनं नाही, फुकट कृपेनं मिळते म्हणता, ते कसं? यावर हो म्हणता येतं, नाही म्हणता येतं, कडाडून भांडताही येतं.

साक्ष कितीही जबर असली तरी हेच. १३२१ साली याच ठाण्यात फ्रान्सिस्कन संघाचे चार ख्रिस्ती साधू श्रद्धेपायी मारले गेले. त्यांची श्रद्धा किती पक्की होती ते त्या मरणातून कळतं. ती कशावर होती, हे मात्र कुणीतरी सांगावंच लागतं. (आणि नोकरी लागल्याच्या साक्षींबद्दल तर न बोललेलं बरं. ज्याला नोकरी लागली नाही तोही त्याच सतरंजीवर बसलेला असतो.)

म्हणून साक्ष मोडीत काढायची का? योहानाच्या शुभवर्तमानातली (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातली), ४थ्या अध्यायातली शोमरोन प्रांतातली बाई पाहा. घागर विहिरीवरच टाकून ती गावात धावते: मी केलेलं सगळं ज्यानं मला सांगितलं, त्या माणसाला येऊन बघा, हाच ख्रिस्त असेल का? तिच्यापाशी एवढंच आहे, आणि त्यातही अर्धा प्रश्न. तरी गाव निघतं. येशू तिथे दोन दिवस राहतो, आणि मग तेच लोक तिला सांगतात की आता आमचा विश्वास तुझ्या बोलण्यावर नाही, आम्ही स्वतः ऐकलंय. बाईला याचं वाईट वाटल्याचं योहान लिहीत नाही.

तेव्हा साक्ष द्या, पण दोन मिनिटांत आवरा, आणि शेजाऱ्याच्या हाती मार्कचं शुभवर्तमान द्या. चार शुभवर्तमानांत तेच सगळ्यात छोटं, १६ अध्यायांचं. ठाणे-पनवेल लोकलच्या जाण्या-येण्यात वाचून होतं, बसायला जागा मिळाली तर.