वेपमधलं व्होल्टेज आणि कोरडी पडणारी वात

‘फिक्स व्होल्टेजवालं नको घेऊ, व्हेरिएबल घे. व्होल्टेज कमी ठेवलं की काही होत नाही. वाफच तर आहे!’ नागपुरातल्या कॉलेजच्या मुलांच्या तोंडून वेपबद्दल, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या ई-सिगारेटबद्दल, हे मी आता इतक्यांदा ऐकलंय की त्यावर लिहिणं भाग आहे. ही मुलं बारावी विज्ञान शिकलेली असतात. ओहमचा नियम त्यांना पाठ असतो. तरीही त्यांच्या या सल्ल्यात दोन मोठ्या चुका आहेत.

पहिली चूक लवकर उरकतो. वेपमधून जे बाहेर येतं ती पाण्याची वाफ नव्हे. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन या दोन दाट द्रवांत निकोटीन आणि सुगंधी रसायनं मिसळलेली असतात. तापलेल्या तारेवर हे मिश्रण उकळतं, थंड हवेत आलं की त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि ते थेंब फुफ्फुसात जातात. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना आणि ग्लिसरीन २९० अंशांना. आंघोळीच्या पाण्याच्या वाफेशी याचं नातं इथेच संपतं.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवणूक आणि जाहिरात हे सगळं बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे इथे कुणाच्याही हातात पडणारं यंत्र चोरट्या वाटेने आलेलं असतं आणि त्याच्या आत नेमकं काय आहे हे तपासणारं कुणी नसतं. खाली जे लिहितोय ते खरेदीचं मार्गदर्शन म्हणून वाचू नये. दुसऱ्या चुकीमागे, म्हणजे ‘व्होल्टेज कमी ठेवलं की काही होत नाही’ या समजुतीमागे, एक फार सुंदर भौतिकशास्त्र दडलेलं आहे आणि मला ते सांगायचं आहे.

वेपच्या पोटात तीनच महत्त्वाच्या गोष्टी असतात. लिथियम-आयन बॅटरी, निक्रोम (निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू) किंवा तशाच मिश्रधातूच्या बारीक तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल, आणि त्या कॉइलला द्रव पुरवणारी कापसाची वात. दहावीत शिकलेलं आठवा : तारेत दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. कॉइलचा रोध १.८ ओहम आणि व्होल्टेज ३.७ असेल तर शक्ती होते ७.६ वॅट. तेच व्होल्टेज ५ केलं तर १३.९ वॅट. व्होल्टेज वाढलं ३५ टक्के, उष्णता वाढली ८३ टक्के. बटण ‘थोडंसं’ वर केलं असं वाटतं तेव्हा वर्गामुळे ते थोडंसं राहत नाही. आणि मित्राच्या यंत्रावर ‘३.७ चांगलं चालतं’ म्हणून आपल्यावरही ३.७ ठेवलं, पण आपली कॉइल ०.९ ओहमची असेल, तर शक्ती थेट दुप्पट होते. रोध सांगितल्याशिवाय नुसत्या व्होल्टेजच्या आकड्याला काही अर्थच नाही.

‘फिक्स’ म्हणून जे विकलं जातं त्यातही दोन जाती आहेत. स्वस्त यंत्रात बॅटरी सरळ कॉइलला जोडलेली असते. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते, उतरत उतरत ३.४ च्या आसपास येते. १.८ ओहमच्या कॉइलवर ९.८ वॅटपासून ६.४ वॅटपर्यंत घसरण, म्हणजे तिसरा हिस्सा गेला. नावात फिक्स असूनही यात स्थिर असं काहीच नाही. दुसऱ्या जातीत एक छोटी चिप असते, ती बॅटरी कितीही भरलेली असली तरी ठरलेलं व्होल्टेज देते. व्हेरिएबल यंत्रात हीच चिप असते, फक्त ‘ठरलेलं’ किती ते वापरणारा ठरवतो.

ही चिप व्होल्टेज कमी करते कसं? पुष्कळ यंत्रांत ती खरं तर कमी करतच नाही. बॅटरीचा प्रवाह सेकंदाला अनेकदा चालू-बंद करते आणि चालू राहण्याचं प्रमाण बदलते. समजा बॅटरी ४.२ व्होल्टची आहे आणि पडद्यावर ३.३ हवेत. चिपने प्रवाह ७८.६ टक्के वेळ चालू ठेवला की सरासरी ३.३ येते. पण उष्णता सरासरी व्होल्टेजवर अवलंबून नसते, व्होल्टेजच्या वर्गाच्या सरासरीवर असते. प्रवाह चालू असतो तेव्हा तारेला पूर्ण ४.२ व्होल्टच मिळतात. हिशेब मांडला तर स्थिर ३.३ व्होल्टला जितकी उष्णता झाली असती तिच्यापेक्षा २७ टक्के जास्त होते. म्हणजे पडदा ३.३ दाखवतो आणि तार ३.७ चं काम करते. काही जुन्या यंत्रांत सरासरी आणि वर्गमूळ-सरासरी असे दोन पर्याय दिलेले असत, ते याचसाठी. ज्यांना हा परिच्छेद जड गेला त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की पडद्यावरचा आकडा आणि तारेतली उष्णता यांची एकमेकांशी हमी नाही.

आता मूळ मुद्दा. वापरणारा बटणाने व्होल्टेज ठरवतो आणि त्यातून शक्ती ठरते. तापमान मात्र त्याच्या हातात राहत नाही.

१९३४ साली जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात शिरो नुकियामा यांनी एक प्रयोग केला. उकळत्या पाण्यात बारीक तार बुडवायची, तिच्यातून वीज सोडायची आणि उष्णता वाढवत तारेचं तापमान मोजत जायचं. सुरुवातीला तार पाण्यापेक्षा काही अंशच जास्त तापली. उष्णता कितीतरी पटींनी वाढवली तरी तापमान फार चढेना, कारण तारेवर उठणारे बुडबुडे उष्णता झपाट्याने वाहून नेत होते. द्रव उकळत असेपर्यंत दिलेली ऊर्जा अप्रकट उष्म्याच्या, म्हणजे द्रवाची वाफ होताना शोषल्या जाणाऱ्या उष्णतेच्या रूपाने वाफेबरोबर निघून जाते. पण एका टप्प्यावर उष्णता अगदी किंचित वाढवताच निक्रोमची तार एकाएकी वितळली. निक्रोम वितळतो सुमारे १४०० अंशांना! मग नुकियामांनी प्लॅटिनमची तार घेतली, जी १७६८ अंशांपर्यंत टिकते, आणि ती उडी डोळ्यांनी पाहिली. बुडबुडे इतके दाट झाले की ते एकमेकांत मिसळून तारेभोवती वाफेचा सलग पापुद्रा तयार झाला. वाफ उष्णतेची मंदवाहक, पाणी तारेला शिवेना, आणि तापमान शेकडो अंशांनी वर गेलं. त्यानंतर वीज कमी केली तरी तार लगेच थंड झाली नाही. बरीच मागे आणावी लागली, तेव्हा कुठे पापुद्रा फाटला आणि पाणी पुन्हा तारेला भिडलं. अणुभट्टी आणि बॉयलर बांधणारे अभियंते आजही हाच आलेख समोर ठेवून काम करतात. मला विज्ञानातल्या निवडक देखण्या आलेखांत तो मोजावासा वाटतो.

वेपमधली तार द्रवात बुडालेली नसते, ती वातीला गुंडाळलेली असते, त्यामुळे हुबेहूब तसंच घडत नाही. पण कोरडं पडण्याचं तत्त्व तेच. वात ओली आहे तोवर तापमान द्रवाच्या उत्कलनबिंदूच्या आसपास राहतं. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की वातीचा एखादा भाग कोरडा होतो आणि तिथे तापमानाला धरून ठेवणारं काही उरत नाही. मे महिन्यात कुलरचा पंखा जोरात आणि पंप अशक्त असला की वाळ्यावर कोरडे पट्टे पडतात आणि नेमक्या त्या पट्ट्यांतून गरम झळा घरात येतात, तसंच हे.

मागणी किती? एक ग्रॅम ग्लिसरीन खोलीच्या तापमानापासून तापवून त्याची वाफ करायला ढोबळमानाने हजार ते दीड हजार ज्यूल लागतात. म्हणजे ७.६ वॅटची कॉइल दर सेकंदाला पाच ते साडेसात मिलिग्रॅम द्रव मागते आणि १३.९ वॅटची नऊ ते चौदा मिलिग्रॅम. थोडी उष्णता तारेत आणि हवेत जाते, म्हणून प्रत्यक्षात आकडे कमी भरतील, प्रमाण मात्र बदलत नाही. पुरवठा केशाकर्षणाने होतो, म्हणजे वातीच्या बारीक छिद्रांतून द्रव आपोआप ओढला जातो. तो वातीच्या छिद्रांवर आणि द्रवाच्या दाटपणावर अवलंबून असतो, बटणावर नाही. ग्लिसरीन पाण्याच्या साधारण हजारपट दाट असतं आणि हा दाटपणा तापमानाबरोबर विलक्षण बदलतो. १० अंशांचं ग्लिसरीन ४५ अंशांच्या ग्लिसरीनपेक्षा सुमारे वीसपट घट्ट असतं. आपल्या नागपुरात जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी नेमकी हीच तापमानं असतात. त्यामुळे तेच यंत्र, तीच बाटली, तेच व्होल्टेज असूनही हिवाळ्यात पहिल्याच झुरक्यांना वात लवकर कोरडी पडू शकते. कंपनीने कारखान्यातच बसवलेलं ‘सुरक्षित’ व्होल्टेज हे हवामान बघून बसवलेलं नसतं.

कोरड्या जागी काय होतं ते स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना माहीत आहे. तेल करपलं की डोळ्यांत आणि घशात झोंबणारा जो वास येतो तो मुख्यतः अॅक्रोलीनचा. ग्लिसरीनच्या एका रेणूतून पाण्याचे दोन रेणू निघून गेले की तेच तयार होतं. सोबत फॉर्माल्डिहाइड येतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते पहिल्या गटात टाकलेलं आहे, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारं सिद्ध झालेलं रसायन.

यावरून २०१५ मध्ये मोठा वाद झाला. अमेरिकेतल्या पोर्टलँड स्टेट विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की एका व्हेरिएबल यंत्रात ३.३ व्होल्टला फॉर्माल्डिहाइड देणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टला मात्र भरपूर सापडली. जगभर मथळे झाले. त्याच वर्षी ग्रीसचे कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस आणि सहकाऱ्यांनी उलट मुद्दा मांडला : अशी मोठी मात्रा वात कोरडी पडल्यावरच तयार होते, आणि तसा झुरका सवयीच्या माणसाला इतका कडवट लागतो की तो ओढतच नाही. वेपचे समर्थक त्यावर खूश झाले. मला वाटतं, दोन्ही बाजूंच्या मथळ्यांनी भौतिकशास्त्र वगळलं. पाच व्होल्टला काही जादू नाही, ३.३ लाही नाही. शिवाय कडवटपणा जाणवणं हा धोक्याचा भरवशाचा मापक नाही. वातीचा एक लहानसा भाग कोरडा असेल आणि बाकीची ओली, तर आंबा-पुदिन्याच्या सुगंधाखाली तो वास दबू शकतो. आणि कमी व्होल्टेजवर ठेवणाऱ्याला निकोटीन कमी मिळालं की तो लांब झुरके घ्यायला लागतो. लांब झुरका म्हणजे वातीला सावरायला कमी उसंत.

यावर उपाय म्हणून तापमान-नियंत्रित यंत्रं आली. निकेलचा रोध दर अंशामागे सुमारे ०.६ टक्क्याने वाढतो. चिप तो मोजते, त्यावरून तापमान काढते आणि शक्ती आवरते. कल्पना खरोखर हुशारीची आहे. निक्रोमचा रोध मात्र तापमानाने फारसा बदलत नाही, म्हणून त्याच्यावर ही युक्ती नीट चालत नाही. आणि निकेलमध्येही चिपला कळतं ते पूर्ण तारेचं सरासरी तापमान. दहा वेढ्यांपैकी एक वेढा करपत असेल आणि नऊ गार असतील तर सरासरी निवांत दिसते. तारेतून निघणाऱ्या निकेल आणि क्रोमियमच्या अंशांबद्दल तर चिप काहीच सांगू शकत नाही, आणि ते अंश या थेंबांत सापडलेले आहेत.

बाटलीवर ‘फूड ग्रेड’, ‘हर्बल’, ‘तुळशीयुक्त’ असं छापलेलं दाखवून भोळ्या माणसाला पटवलं जातं, त्याचा मला मनापासून राग येतो. पोटात गेलेला पदार्थ यकृतातून गाळून निघतो, फुफ्फुसाला ती सोय नाही. लोण्याचा वास देणारं डायअॅसिटिल खाण्यात चालतं. पण अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात पॉपकॉर्नच्या कारखान्यात त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगारांच्या श्वासनलिका कायमच्या निकामी झाल्या, हे २००० साली उघडकीला आलं. तुळस नैसर्गिक आहे म्हणून सुरक्षित म्हणणाऱ्याने तंबाखूचं झाडही नैसर्गिकच आहे, हे विसरू नये.

विदर्भात हा प्रश्न जास्त बोचतो, कारण आपल्याकडे अनेक मुलं खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सोडायचा म्हणून वेपकडे वळतात. पानठेल्यावरचा खर्रा तोंडाचा कर्करोग देतो, ते सुटायलाच हवं, आणि सोडू पाहणाऱ्याच्या धडपडीबद्दल मला आदरच आहे. पण दोन्हींत अडकवणारा रेणू एकच आहे, निकोटीन. व्होल्टेज वाढवलं की प्रत्येक झुरक्यात तो वाढतो, आणि तपासणी न झालेल्या बाटलीत किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तंबाखू सोडवण्यासाठी सरकारची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. तिथे समुपदेशक बोलतात, सोडण्याची तारीख ठरवायला मदत करतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारपूस करतात.