दत्तकपणा (ख्रिस्ती)

पोटी न जन्मलेल्या मुलाला आपल्या अपत्याचे नाते, नाव आणि वारसा पूर्णपणे देणे म्हणजे दत्तकपणा. ख्रिस्ती बोलण्यात हा शब्द दोन ठिकाणी येतो. घरात मूल आणताना तो वापरतात, आणि माणूस देवाचा कोण लागतो हे सांगतानाही. मराठी बायबलमध्ये रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात ‘दत्तकपणाचा आत्मा’ असे शब्द आहेत. सातारा-सांगलीच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, ते उपासनेत वाचले जातात तेव्हा ऐकणाऱ्याला शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. मांडीवर घेणे, ओटीत घालणे, भावाचेच लेकरू दत्तक घेणे हे इथल्या भावकीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

साताऱ्याला तर दत्तक या शब्दाची जखम ठाऊक आहे. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवले. १८४८ च्या एप्रिलमध्ये आप्पासाहेब वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता, पण गव्हर्नर जनरल डलहौसीने तो नामंजूर केला आणि राज्य खालसा केले. दत्तक नाकारून राज्य खालसा करण्याच्या धोरणाखाली गेलेले हे पहिले मोठे राज्य. झाशी आणि नागपूर त्यानंतर गेले. कंपनीचा युक्तिवाद असा, की दत्तक मुलाला खासगी मालमत्ता मिळेल, गादी मिळणार नाही. म्हणजे मुलगा खरा, पण वारस अर्धा.

रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या लिखाणात नेमका याच्या उलट दावा आहे. त्याने वापरलेला ग्रीक शब्द ‘हुइओथेसिया’ म्हणजे पुत्र म्हणून स्थापणे. यहुदी नियमशास्त्रात दत्तकाचा स्वतंत्र कायदा नाही. निपुत्रिक भावाचे नाव चालवायला दिराने विधवेशी लग्न करावे, अशी तिथली सोय होती. रोमन कायद्यात मात्र दत्तक ही भक्कम गोष्ट होती. मुलगा जुन्या बापाच्या अधिकारातून सुटे, नवे नाव घेई आणि नव्या घराचा वारस होई. जुलियस सीझरने मृत्युपत्रात आपल्या भाचीच्या मुलाला दत्तक घेतले आणि तोच पुढे ऑगस्टस म्हणून सम्राट झाला. त्याने तिबेरियसला दत्तक घेतले आणि सत्ता त्याच्याकडे गेली. रोम, गलतीया आणि इफिस इथल्या वाचकांना हे सारे माहीत होते. त्यांना पौल लिहितो, की तुम्ही दास नाही, मुले आहात, आणि मुले म्हणजे ‘देवाचे वारस’. पुढे तो ‘ख्रिस्ताबरोबर सोबतीचे वारस’ असेही म्हणतो. माझ्या मते सगळा भार ‘सोबतीचे’ या शब्दावर आहे. घरात जन्मलेला आणि घरात घेतलेला एकाच पंगतीत बसतात, एकाला ताट आणि दुसऱ्याला पत्रावळ असे होत नाही.

ख्रिस्त स्वभावतः पुत्र आणि माणसे कृपेने दत्तक, हा भेद मंडळीने कायम राखला. बाप्तिस्म्याच्या वेळी देवाने येशूला दत्तक घेतले, असे मानणारे मतही निघाले होते. ते मान्य झाले नाही आणि ७९४ च्या फ्रँकफर्टच्या धर्मपरिषदेत त्याचे स्पेनमधले रूप धिक्कारले गेले. प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट परंपरेच्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात दत्तकपणाला स्वतंत्र अध्याय आहे, बारावा. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभारले ते याच परंपरेतले.

असे असूनही भारतातल्या ख्रिस्ती दांपत्यांना बरीच वर्षे कायद्याने दत्तक घेताच येत नव्हते. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता होता. ख्रिस्ती माणसाला १८९० च्या कायद्याखाली ‘पालक’ होता येई. मूल सज्ञान झाले की ते पालकत्व संपे. त्याला घरजमिनीत वाटा द्यायचा तर मृत्युपत्र करावे लागे. रविवारी वारसपणाचे वचन ऐकायचे आणि सोमवारी कचेरीत मुलाच्या बापाच्या जागी ‘पालक’ लिहायचे, ही वेदना अनेक घरांनी मुकाट सोसली.

२००० च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती दांपत्याच्या प्रकरणात वाट मोकळी केली. घर आणि आईबाप मिळणे हा मुलाच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. २००० चा बालन्याय कायदा सर्व धर्मांना खुला होता, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्धपणे सांगितले. आता २०१५ च्या कायद्याप्रमाणे दत्तक मूल सर्व बाबतींत दत्तक आईबापांचे अपत्य ठरते. जन्मदात्या आईने मूल सोपवले तर तिला फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. त्यानंतर बालकल्याण समिती मुलाला दत्तकासाठी मोकळे ठरवते. नोंदणी केंद्रीय यंत्रणेकडे, ऑनलाइन. ओळखीच्या दवाखान्यातून किंवा कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बाळ आणणे हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. हे पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, वेदीवरून स्पष्ट सांगायला हवे.

अंतिम आदेशाआधी मूल घरी येते. याला दत्तकपूर्व संगोपन म्हणतात. पाळणा बांधलेला असतो, आजीने दुपटी शिवलेली असतात, मूल ‘आई’ म्हणायला लागलेले असते, आणि कागद अजून यायचा असतो. पौलाच्या एकाच अध्यायात हीच दोन वाक्ये आहेत. पंधराव्या वचनात दत्तकपणाचा आत्मा मिळालेला आहे, तेविसाव्यात दत्तकपणाची वाट पाहत आपण कण्हतो आहोत. भाष्यकारांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. पण त्या महिन्यांत फाइल उशाशी ठेवून झोपणाऱ्या बाईला ते समजावून सांगावे लागत नाही.

पुढे बाप्तिस्मा. पाळक बालकाचे नाव विचारतात, बाप ते मोठ्याने सांगतो. मराठी रीतीने मधले नाव बापाचे, म्हणजे नाव घेताच नाते जाहीर होते. कॅथलिक धर्मकायद्याप्रमाणेही (१९८३) दत्तक मुले दत्तक आईबापांचीच धरली जातात, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत दत्तक आईबापांची नावे लिहिली जातात, आणि दत्तकातून जुळलेले भाऊबहीण एकमेकांशी लग्न करू शकत नाहीत.

मुलाला कधी सांगायचे, हा घराघरातला प्रश्न. ‘रक्ताचं नाही’ हे शेजाऱ्याच्या तोंडून कळण्याआधी घरात कळावे. लहान वयात बायबलमधल्या मोशेची गोष्ट उपयोगी पडते. लव्हाळ्याची पेटी नदीत ठेवली, मिसरचा राजा फारो याच्या मुलीने ती उचलली. कृष्णाकाठच्या मुलाला लव्हाळे माहीत असते. मग तो विचारतो, पहिल्या आईने टाकून का दिले? गोष्टीत टाकून दिलेले नाही. तीन महिने लपवले, पेटीला डांबर लावले, आणि काय होते ते बघायला बहीण लांब उभी राहिली.