स्लॅलम स्कीच्या फिन आणि बाइंडिंगच्या मापांची पार्श्वभूमी

१९२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, लेक पेपिन या सरोवरावर, राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने आठ फूट लांबीच्या पाइनच्या दोन फळ्यांची टोके उकळत्या पाण्याने मऊ करून वर वळवली, पायांसाठी त्यांवर चामड्याचे पट्टे बसवले आणि पाण्यावरून स्वतःला मोटरबोटीमागे ओढून घेतले. तेव्हा सारी धडपड उभे राहण्याचीच होती. आज एकाच स्कीवर स्लॅलम, म्हणजे बोटीमागे पाण्यावरून खुणांना वळसे घालत नागमोडी जाण्याची शर्यत, करणारा खेळाडू तळाची फिन (स्कीच्या मागच्या टोकाखाली पाण्यात बुडणारे उभे पाते) पाव मिलिमीटरने सरकवायची की नको, यावर गंभीरपणे विचार करतो. या बदलाचे मूळ माझ्या मते स्पर्धेच्या भूमितीत आहे.

स्लॅलमच्या मार्गात सहा बोये, म्हणजे वळसा घालण्यासाठीच्या तरंगत्या खुणा, असतात आणि प्रत्येक बोया बोट जाते त्या मधल्या रेषेपासून ११.५ मीटर दूर असतो. बोटीचा वेग कमाल मर्यादेपर्यंत, म्हणजे पुरुषांच्या खुल्या गटात ताशी ५८ आणि स्त्रियांच्या गटात ५५ किलोमीटरपर्यंत पोहोचला की पुढची कसोटी दोरीची असते. १८.२५ मीटरची दोरी टप्प्याटप्प्याने आखूड केली जाते आणि ११.२५ मीटरवर ती बोयाच्या अंतरापेक्षाही तोकडी पडते. उरलेले अंतर खेळाडूला हात आणि झुकलेले शरीर ताणूनच भरून काढावे लागते. इतक्या निकडीच्या वळणात स्कीचे टोक किंचित जास्त बुडले किंवा शेपूट (मागचे टोक) किंचित जास्त घसरली, तरी पुढचा बोया हुकतो. म्हणूनच धातूची फिन स्क्रूने आवळलेल्या खोबणीत बसवून तिची जागा बदलण्याची सोय रुजली आणि पुढे वळणाआधी वेग कमी करण्यासाठी फिनवर छोटा आडवा पंखही आला.

फिनची मापे तीन: तळाखालची खोली, लांबी आणि शेपटीपासूनचे अंतर. खेळाडू ती कॅलिपरने (बारीक मापे घेण्याच्या उपकरणाने) इंचाच्या हजारांशांत घेतात. फिनची कड वक्र असल्यामुळे एक माप बदलले की दुसरेही ढळते, शिवाय स्क्रू आवळतानाही फिन किंचित हलते. त्यामुळे आवळून झाल्यावर पुन्हा मोजणे अपरिहार्य ठरते. फिन जितकी खोल, तितकी शेपूट पाण्यात घट्ट धरते. उथळ केली तर ती सहज फिरते.

बाइंडिंग, म्हणजे पाय स्कीला धरून ठेवणारी पकड, त्या मानाने ढोबळपणे, साधारण पाव इंचाच्या अंतरावरील छिद्रांनुसार, सरकते. पाय पुढे नेला की टोकावर भार वाढून वळण तीव्र होते, मागे घेतला की टोक उचलले जाते. फिन आणि पाय यांचा परिणाम असा एकमेकांत गुंतलेला असल्याने जाणते खेळाडू एका वेळी एकच माप बदलतात आणि उत्पादकाने दिलेल्या आकड्यांची नोंद जपून ठेवतात, म्हणजे प्रयोग फसला तर मूळ जागी परतता येते.